रिकाम्या खोलीचं मीटर

१७ मार्च २०२५, सोमवार

ऋषीची खोली गेली! सकाळी अकराला जुना भाडेकरू बाहेर, संध्याकाळी सहाला नवी भाडेकरू सामानासह आत. सात तास! माझी वरची खोली दहा फेब्रुवारीपासून रिकामी आहे. आज पस्तीस दिवस झाले.

फरक बघावा. माझ्या खोलीत नवी फरशी, बाथरूम आतच, खिडक्यांना जाळी, विजेचं वेगळं सब-मीटर. बाबा गेल्यावर त्यांचा कापड विणायचा माग विकून ती बांधली. मिस्त्रीने सिमेंट वाचवू नये म्हणून मी उन्हात स्टुलावर बसून रिकामी पोती मोजली आहेत. ऋषीच्या तीन खोल्या काकांच्या काळातल्या, वर पत्रा. तरी तिन्ही भरलेल्या. पाटी नाही, करार नाही, काही नाही. "राहाचं हाय? राह्य मंग." संपला त्याचा व्यवहार!

आणि मी? कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात रोज पाच-सहा भाडेकरार टाइप करतो. बारावी दोनदा राहिली, पण करारात माझी एक वेलांटी चुकत नाही. वकीलसुद्धा सांगतात, प्रज्वलकडूनच करून घ्या. अर्ध्या नागपूरच्या खोल्या माझ्या बोटांखालून जातात. माझीच तेवढी जात नाही.

आमची आणि ऋषीची भिंत एक, गच्ची एक. तो माझा चुलत भाऊ — सात महिन्यांनी लहान. दहावी नापास. टेम्पो चालवतो. हे लिहिल्याने काही बरं वाटलं नाही.

१९ मार्च, बुधवार

नियमांच्या वहीत आज एक नियम वाढवला — भाड्याच्या खोलीत नातेवाईक झोपवू नये.

नूपुरताई होळीला सावनेरहून आली. दोन दिवस म्हणाली, पाच दिवस राहिली, तेही वरच्या खोलीत. "वरतं हवा लागते रे." खिडकीत तिच्या बांगड्या, दोरीवर ओले कपडे. शनिवारी बँकेतले एक गृहस्थ खोली बघायला आले आणि दारातूनच परतले. "इथं तं कोणी राहून राहिलं." मी ताईला विचारलं, अजून किती दिवस आहेस? खोली दाखवायची असते मला. ती दोरीवरचे कपडे काढायला लागली. रविवारी सकाळच्या बसने गेली.

आईने दिवसभर तोंड फिरवलं. यात माझं काय चुकलं? दाखवायची खोली मोकळी आणि झाडलेली पाहिजे. हे मी नाही म्हणत, दुकानात येणारा प्रत्येक एजंट म्हणतो.

२३ मार्च, रविवार

कोराडीहून बाबनमामा आले. बाबा गेल्यापासून घरात शेवटचा शब्द त्यांचा. ताईचं लग्नही त्यांनीच जमवलं. चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "काहून गा प्रज्वल, दीड महिना झाला. खोली जाऊन नाही राहिली?"

मी म्हणालो, चांगला माणूस बघतोय. ओळखपत्र, नोकरीचं पत्र, जुन्या घरमालकाचा फोन नंबर.

"तू लोकाइले खोली दाखवतं का परीक्षा घेतं?"

ऋषी तिथेच पायरीवर बसला होता. हसला!

मामा म्हणाले, "एक मेपर्यंत पाहू. नाही जमलं तं चाबी ऋषीले दे. त्याच्या हाताले गुण हाय."

हाताला गुण! त्या हाताने त्याने आयुष्यात एक अर्ज धड भरलेला नाही. मी आईकडे बघितलं. ती कपबशा उचलून आत गेली. एक शब्द तरी बोलायचा — 'माह्या पोरानं बांधली हाय ती खोली' एवढं तरी!

बाबांच्या मागाची खोली. तिची किल्ली ऋषीच्या कमरेला. एकोणचाळीस दिवस आहेत.

२६ मार्च, बुधवार

वरच्या खोलीचं मीटर ११८४. फोन एकही नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

ऋषीची नवी भाडेकरू नीट पाहिली. मुग्धा नाव. कन्हानची. रक्त तपासतात त्या लॅबमध्ये कामाला. सकाळी आठला जाते, सहाला येते. मोठ्याने गाणी नाहीत, पाहुणे नाहीत. चपला दाराबाहेर एका ओळीत काढते. एका ओळीत! चांगला भाडेकरू कसा असावा ते मी वहीत सव्वा पानभर लिहून ठेवलं आहे. वाचून घेतल्यासारखी आहे ती. आणि राहते कुठे? पत्र्याखाली!

आईने तिच्यासाठी पुरणपोळ्या पाठवल्या. माझ्याच हातून! दारात गेलो तर ऋषी, त्याची बायको प्रियदर्शनी आणि मुग्धा एकाच ताटातलं काहीतरी खात हसत होते. घरमालकाने भाडेकरूबरोबर एका ताटात जेवलं तर उद्या नोटीस कोणत्या तोंडाने देणार? नियम क्रमांक चार.

मुग्धा म्हणाली, "काकू खूपच चांगल्या आहेत."

तेरा दिवसांत हिला माझी आई चांगली आहे हे कसं कळलं? मी चार वर्षांत चार भाडेकरू ठेवले. त्यांतल्या एकाच्याही घरी आईने पोळी पाठवली नाही.

५ एप्रिल, शनिवार

दुपारी दुकानात फोन आला. काल एकाला पत्ता दिला होता, तो.

"अहो, मी येऊन गेलो. खोली तं गेली म्हणे."

"कोण म्हणालं?"

"दारातूनच सांगतलं कोणीतरी. ठेवतो, गाडीवर हाय."

कोणीतरी! कोणीतरी म्हणजे कोण ते मला चांगलं माहीत आहे. दुपारी टेम्पो दारातच उभा असतो.

घरी आल्यावर आईला विचारलं, आज कोणी आलं होतं का खोली बघायला?

"मी झोपली होती."

वहीत लिहिलं — खोली स्वतः हजर राहून दाखवावी. दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नये. पण सकाळी दहा ते रात्री आठ मी दुकानात असतो. ऋषी मालक, वाटेल तेव्हा घरी! त्याला काय जातं?

९ एप्रिल, बुधवार

मीटर ११८६.

कुलूप लावलेल्या खोलीत दोन युनिट! सब-मीटर मी मुद्दाम बसवलं. दर एक तारखेला भाडेकरूसमोर आकडा वाचायचा, दोघांनी वहीत सही करायची. म्हणजे पंखा किती चालला, कूलर किती चालला, यावरून भांडण होत नाही. पण इथे भाडेकरूच नाही. मग वीज पितंय कोण?

१० एप्रिल, गुरुवार

११८७! बल्ब काढून बघितले, सगळे बंद. ऋषीकडच्या भिंतीला कान लावला. पलीकडून घरघर. मुग्धाचा कूलर! ऋषीने तिच्या खिडकीला लोखंडी स्टँड करून दिला आहे. मी कधीच देत नाही. पाणी झिरपून भिंत ओली होते, चुना सुटतो. त्याला कसली भिंतीची पर्वा? भिंत अर्धी माझी आणि वीजही बहुतेक माझीच.

१३ एप्रिल, रविवार

काल वरच्या खोलीचा मेन स्विच बंद करून ठेवला. आज आकडा कालचाच, ११८८. म्हणजे चोरी थांबली. पण मुग्धाचा कूलर चालूच होता. ऋषीने एका दिवसात जोडणी बदलली असणार. दहावी नापास असला तरी तेवढं येतं त्याला.

जेवताना आई म्हणाली, "वरचा पंखा काहून नाही चालून राहिला रे?"

"तू कशाला गेली होतीस वर?"

"जाळे काढाले."

शुक्रवारीच मी जळमटं काढली होती. कोपरा न् कोपरा. पण आईला माझी साफसफाई कधी पटली आहे? स्विच परत चालू करून दिला.

१६ एप्रिल, बुधवार

ऋषीचा टेम्पो सावनेरला भाड्याचा माल घेऊन गेला होता. येताना ताईची शिलाई मशीन घेऊन आला. आई म्हणाली, दुरुस्तीला आणली. ठेवली कुठे? वरच्या खोलीत! मी म्हणालो, खाली ठेवा. सामान असलं की खोली लहान दिसते.

"राहू दे नं बे. आता माह्यानं उतरवनं नाही होत," ऋषी म्हणाला आणि माझ्याच माठातलं पाणी पिऊन गेला.

माझ्या खोलीत काय ठेवायचं ते आताच तो ठरवतो! एक मे यायचा आहे अजून.

मशीनचं चाक फिरवून बघितलं. लोण्यासारखं फिरतं. दुरुस्ती कसली?

१८ एप्रिल, शुक्रवार

आज जे केलं ते लिहून ठेवतो. लपवायचं काही नाही.

कोर्टाला गुड फ्रायडेची सुट्टी, म्हणून दुपारी एकलाच घरी आलो. त्रेचाळीस अंश ऊन. खाली आई नाही. गच्चीवर गेलो तर आई डोक्यावर ओला पंचा घेऊन, माझ्या टाकीला लावलेल्या माझ्या नळीने मुग्धाच्या कूलरमध्ये पाणी भरत होती. मुग्धालाही सुट्टी. ती म्हणत होती, काकू, राहू द्या, मी भरते.

"तू बस वं बाई. हप्ताभर लोकाइचं रक्त काढतं, एक दिवस तरी थंड झोप."

मी चार उन्हाळे वरची खोली भाड्याने दिली, तेव्हा आईने कोणाच्या कूलरला तांब्याभर पाणी घातलं नाही. माझ्या भाडेकरूंना कोण विचारतं! ऋषीची म्हटली की आई, पाणी, पुरणपोळी — सगळंच.

तसाच दुकानात परत गेलो. मालकाला म्हणालो, एक अर्ज राहिला आहे. टाइप केला. अमुक घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिलेली नाही, भाडेकरार केलेला नाही, तरी चौकशी व्हावी. खाली नाव घातलं नाही. ठाण्याच्या तक्रारपेटीत टाकला.

एक अक्षर खोटं नाही त्यात. माहिती द्यावीच लागते. मी प्रत्येक वेळी देतो — दोन फोटो, आधारची प्रत, कायमचा पत्ता, ओळखीच्या माणसाचं नाव. मी देतो तर त्यानेही द्यावी.

१९ एप्रिल, शनिवार

नियम तर नियम आहे.

२३ एप्रिल, बुधवार

हवालदार आला होता. मी दुकानात होतो. प्रियदर्शनीने सांगितलं. ऋषीला ठाण्यात नेलं, दोन तास बाकावर बसवलं. समज देऊन सोडलं. सोमवारच्या आत सगळे कागद आणून दे म्हणाले, नाहीतर गुन्हा दाखल होईल. मुग्धाच्या वडिलांचा कन्हानहून फोन — पोलीस येतात अशा घरात पोरीला ठेवायचं नाही.

ती सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी म्हणालो, "असं व्हायला नको होतं."

मीटर ११९१. आज त्याच्याकडे बघावंसं वाटत नव्हतं, तरी बघितलं.

खरं लिहायचं तर हवालदार आला हे ऐकल्यावर पहिली पाच मिनिटं मला बरं वाटलं. पाच मिनिटंच. मग जेवण गेलं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

संध्याकाळी ऋषी आला. हातात फॉर्म, मागे आधार कार्ड धरून मुग्धा. मला वाटलं, कळलं याला.

"भावा, तुले येते नं हे कागदाचं? भरून दे गा. माह्या अक्षरानं भरला तं मलेच आत टाकतीन."

मी पेन शोधायच्या निमित्ताने आत गेलो. पेन खिशातच होतं.

"कोणीतरी जळते बे आपल्यावर," तो बाहेरून म्हणाला. आपल्यावर! त्याच्यावर नाही म्हणाला.

फॉर्म घेऊन बसलो. भाडेकरूचं नाव. कायमचा पत्ता, कन्हान. कामाचं ठिकाण. घरमालकाचं नाव. सगळं सावकाश लिहिलं. मग रकाना आला — ओळख देणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि पत्ता.

"हिची ओळख कोणी दिली तुला?"

"मोठी आई लिही."

"कोणाची मोठी आई?"

"माह्यी, बे! तुयी आई. रुख्माबाई. आपल्या घरी अजून कोण हाय मोठी आई?"

पेन थांबलं. ऋषी दुसरीकडे बघायला लागला. मुग्धाच बोलली. "दादा, मी आधी तुमचीच पाटी बघून आले होते. काकू म्हणाल्या, वरची खोली ठेवलेली आहे. मला पाणी दिलं, बसवलं. मग स्वतः चालत ऋषीदादांकडे घेऊन आल्या. एकटी पोरगी आहे, हिला दे म्हणाल्या."

मी ऋषीला विचारलं, "आणि बाकीचे?"

"बाकीचे आले, त्याइले तिनंच दारातून वापस लावलं. दोघं-तिघं माह्याकडं पाठवले. माह्याकडं कोठी हाय जागा?"

"काहून?" मीही तसंच बोललो. चिडलो की माझी लिहिण्यातली भाषा सुटते.

"मले नको विचारू. मी शब्द देल्ला हाय. तिलेच विचार."

फॉर्म पूर्ण केला. ओळख देणारी व्यक्ती — माझी आई. पत्ता — माझाच. सुवाच्य अक्षरात. ऋषीने पाठीवर थाप मारली. "तुह्यासारखं अक्षर असतं तं मी कलेक्टर झालो असतो गा."

२७ एप्रिल, रविवार

दुपारी दुकानाच्या वेळेला मी चप्पल हातात घेऊन वर गेलो. रविवारी मी दुकानात हिशेबाला जातो, आईला वाटलं मी गेलो. मीटरची चकती फिरत होती. खोलीत पंखा चालू. आई फरशीवर, मशीनला टेकून बसलेली. मांडीत फोन.

तर माझी वीज ती पीत होती. रोज दुपारभर पंखा लावून. मी ऋषीच्या भिंतीला कान लावत होतो.

मी खूप बोललो. सगळं इथे लिहीत नाही. शेवटी म्हणालो, "चाबी ऋषीलेच जावी असं वाटते नं तुले? तो चांगला. त्याची भाडेकरू चांगली. मी काय, कागदं मोजणारा!"

"चाबी कोणालेच नाही जात."

"मंग खोली काहून अडवली? कोणासाठी?"

तिने फोन पदराखाली घेतला. "तुले सांगू नको म्हणून तिनं शपथ घातली हाय."

"कोणी?"

"तू विचारलं होतं नं तिले. किती दिवस हायेस म्हणून."

आई मग थांबली नाही. "दोनदा घराबाहेर काढली सासरच्याईनं तिले. होळीले आली, ते सांगालेच आली होती. तुह्यासमोर तोंड उघडलं नाही तिनं. आता मशीन विकाले निघाले होते, म्हणून ऋषीले पाठवलं. बाबनले कोणत्या तोंडानं सांगू? त्यानंच जमवलं हे घर. तो तिले समजूत काढून वापस पाठवन. म्हणून म्हटलं, ती इथं येऊन राहीपर्यंत खोली रिकामी दिसू दे. मंग बोलन जो बोलाचा तो."

"ऋषीले माहीत होतं?"

"त्यानं कधी विचारलं नाही तिले, किती दिवस."

त्या वाक्यानंतर मला ऋषीचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्याच्या तिन्ही खोल्यांचा मिळून कधी वाटला नव्हता.

१ मे, गुरुवार

सकाळीच मामांना फोन केला. खोली गेली म्हणून सांगितलं. "कोणाले देली?" नूपुरताईला, म्हणालो. ते काही बोलायच्या आत म्हणालो, वापस पाठवायचं नाही, आणि फोन ठेवला.

मग ऋषीच्या टेम्पोतून सावनेरला गेलो, ताईला आणायला. जाताना त्याला सांगितलं, पेटीतला अर्ज माझा होता. त्याने पुढच्या फाट्यावर गिअर बदलला. मग म्हणाला, "पाण्याची बाटली दे." दिली.

घरी आल्यावर ताईने पिशवी खालच्याच पायरीवर ठेवली. "कोणी खोली पाहाले आलं तं सांगजो प्रज्वल. मी खाली सरकून जाईन."

पिशवी वर नेली. पाटी काढली. भिंतीवर चिकटपट्टीचा डाग राहिला आहे. मीटर फिरतंय. आकडा लिहिला नाही.